माकडतापाचं खापर

काजूचा हंगाम तोंडावर आला की दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापाची धास्ती सुरू होते आणि तिच्या मागोमाग एक जुनी कथा फिरायला लागते. कथा सांगणारे साधेसुधे नसतात, त्यांना सनावळ्या पाठ असतात. ते सांगतात, पुण्यात १९५२ साली अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणूंची प्रयोगशाळा निघाली. पाच वर्षं होतात न होतात तोच शिमोग्याच्या रानात माकडं पटापट मरायला लागली, माणसं तापाने फणफणली. विषाणू सापडला तो रशियातल्या विषाणूचा भाऊबंद. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-अभ्यासाला अमेरिकन लष्कराने पैसा पुरवला आणि १९७५ मध्ये खुद्द संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर बोट ठेवलं. एवढं सांगून झालं की सांगणारा अर्थपूर्ण गप्प बसतो. उरलेलं आपण समजून घ्यायचं असतं, की माकडताप हा इथला रोगच नाही, तो कुणीतरी इथे आणून सोडला.

मला या कथेचा राग येतो, पण तिला हसण्यावारी नेणाऱ्यांचाही येतो. कारण तिच्यातली एकेक गोष्ट सुटी करून पाहिली तर खरी आहे. लष्कराचा पैसा आला होता. लोकलेखा समितीचा १६७ वा अहवाल कुणीही काढून वाचावा; परदेशी सहभागाने चाललेल्या संशोधन प्रकल्पांची त्यात चांगलीच झाडाझडती आहे. दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प चालला होता, तो त्या गदारोळातच गुंडाळला गेला. शीतयुद्धात दोन्ही महासत्ता रोगजंतूंची शस्त्रं बनवत होत्या, हीही अफवा नव्हती. अमेरिकेने आपला कार्यक्रम १९६९ मध्ये निक्सन यांच्या घोषणेनंतर बंद केला. सोव्हिएत रशियाचा त्यानंतर कैक वर्षं चालू राहिला. त्या काळात ज्याने संशय घेतला तो मूर्ख नव्हता. पण संशयाला जागा असणं वेगळं आणि आरोप शाबीत होणं वेगळं. पन्नास वर्षांत या आरोपाने पुराव्याच्या दिशेने एक पाऊलही टाकलेलं नाही. तो फक्त पुन्हा पुन्हा सांगितला गेला.

आधी तारखा लावू. क्यासनूर हे कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातलं रान. १९५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत तिथे माकडं मेलेली सापडू लागली, आणि आसपासच्या गावांत जबरदस्त तापाचे रुग्ण. मागाहून चौकशी केली तेव्हा आदल्या वर्षीही असेच रुग्ण होऊन गेल्याचं कळलं. तो विषमज्वर समजला गेला होता. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या एनआयव्हीचे, लोक तिकडे धावले ते वेगळ्याच भीतीने. दक्षिण अमेरिकेत पीतज्वर यायचा असला की आधी रानातली माकडं मरतात. आशियात पीतज्वर कधीच शिरलेला नव्हता. तो आता आला की काय, ही खरी घाबरगुंडी होती. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क आणि हॅरोल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने मेलेल्या माकडांमधून आणि आजारी माणसांच्या रक्तातून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा निघाला नाही. त्याचं नातं रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंशी जुळत होतं.

आता पक्ष्यांकडे वळू. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा कार्यक्रम सुरू केला १९५९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. अमेरिकन लष्कराची स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांची पाहणी सुरू झाली १९६३ मध्ये, आणि तिचा पैसा सोसायटीकडे आला तो त्यानंतर. म्हणजे रोग आधी, कडी नंतर आणि लष्कर त्याहून नंतर. कथेत मात्र हा क्रम बरोब्बर उलटा लागतो. ज्या प्रकल्पाने रोग पसरवला असं सांगितलं जातं तो प्रकल्पच मुळात रोग सापडल्यामुळे जन्माला आला होता. हा विषाणू उत्तरेकडून पक्षी घेऊन आले का, हे शोधण्यासाठी भरतपूरसारख्या ठिकाणी पक्षी पकडून त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या काढल्या जात होत्या.

लोकलेखा समितीचा रोखही नीट पाहावा. अशी माहिती जैविक युद्धाच्या कामी येऊ शकते, ती परक्या लष्कराच्या हाती जाते आहे आणि सरकारी खात्यांनी याचा पुरेसा विचार केलेला नाही, ही समितीची तक्रार होती. ती रास्त होती. आपल्या देशातल्या पक्ष्यांच्या वाटा आणि त्यांच्यावरचे परजीवी यांची नोंद परक्या सैन्याच्या कपाटात का असावी, हा प्रश्न मी आजही विचारीन. पण "ही माहिती घातक ठरू शकते" या वाक्याचं "यांनीच रोग सोडला" हे रूपांतर समितीने केलेलं नाही, ते नंतरच्या सांगणाऱ्यांनी केलं. यात सोसायटीच्या सलीम अलींसारख्या माणसाच्या निष्ठेवर उतारवयात शिंतोडे उडाले, ते वेगळंच.

आणि एक गंमत या मंडळींच्या लक्षात येत नाही. विषाणू बाहेरून आला असावा, ही शंका पहिल्यांदा काढली ती वर्क यांच्यासारख्या अमेरिकनांनीच. सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांबरोबर ओम्स्कच्या रक्तस्रावी तापासारखा विषाणू दक्षिणेत उतरला असेल, असा त्यांचा कयास होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन शास्त्रज्ञाला रशियाकडून काहीतरी आल्याचा वास यावा, हे समजू शकतं. वीस वर्षांनी भारतीय वर्तमानपत्रांना अमेरिकेकडून काहीतरी आल्याचा वास आला. म्हणजे खलनायक बदलला, पण गृहीतक तेच राहिलं की सोरबच्या रानात जे घडलं त्याचं कारण सोरबच्या रानाबाहेरच असलं पाहिजे. हे मुळातलं गृहीतकच मला मान्य नाही.

पक्ष्यांचा सिद्धांत टिकला नाही, तो त्याच पुणेकर शास्त्रज्ञांनी रानात केलेल्या कामामुळे. रशियातल्या मेंदूज्वराचा विषाणू ज्या गोचिडीतून फिरतो ती तैगाच्या थंड रानातली. ओम्स्कच्या तापाची गोचीड वेगळी, पण तीही उत्तरेचीच. क्यासनूरचा विषाणू प्रामुख्याने सापडला हीमाफायसालिस स्पिनिजेरा या गोचिडीत. ही दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या दमट रानांची रहिवासी. पाहुणी म्हणून आलेली नाही. शिवाय १९५८-५९ मध्ये शिमोग्यातल्या हजारो लोकांना रशियन मेंदूज्वराची लस टोचून पाहिली गेली. विषाणू तोच किंवा जवळजवळ तोच असता तर तिने काहीतरी आडकाठी केली असती. लस निरुपयोगी ठरली. भाऊबंद असणं आणि एकच असणं यातला फरक त्या लोकांच्या दंडावर सिद्ध झाला.

यावर हमखास उत्तर येतं की मग विषाणूत प्रयोगशाळेत फेरफार केला असेल. १९५७ मध्ये? डीएनएची रचना उलगडून तेव्हा चारच वर्षं झाली होती. एका सजीवाचा जनुकीय तुकडा कापून दुसऱ्यात जोडण्याचं तंत्र आलं १९७० च्या दशकात. त्या काळात जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला विषाणू घडवता येत नव्हता. रानातला विषाणू बाटलीत ठेवता येत होता, एवढंच. मग "पुण्याहून निसटला" हा पर्याय उरतो. त्याचं उत्तर पुण्यातच मिळतं. क्यासनूरचा विषाणू हाती आल्यावर तो पुण्याच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं होता, आणि तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांना काम करता करता त्याची लागण झाली. शेवटी त्या धोक्यापायी या विषाणूवरचं काम बरीच वर्षं थांबवावं लागलं. म्हणजे विषाणू प्रयोगशाळेतून माणसांच्या शरीरात गेला, घरी गेला, भरवस्तीत गेला. पुण्यात साथ आली का? नाही, येणंच शक्य नव्हतं. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. माणूस ही या विषाणूची शेवटची पायरी. गोचीड, जमिनीवरचे लहान प्राणी आणि विशिष्ट तऱ्हेचं रान ही साखळी नसेल तर तो पुढे सरकत नाही. ज्या विषाणूला पुण्यात प्रयोगशाळेतून बाहेर पडूनही पाय रोवता आले नाहीत, तो शेकडो किलोमीटर दूरच्या क्यासनूरमध्ये एका रात्रीत मुरला असं मानायचं असेल तर ते रान त्याच्यासाठी आधीपासून तयार होतं, हेही मानावं लागतं.

रान तयार होतं एवढंच नव्हे, तर या कुळातले विषाणूही भारतात त्याआधी फिरत असल्याच्या खुणा आहेत. १९५२ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांची रक्तद्रव्यं तपासली गेली, निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले. त्यात सौराष्ट्र-कच्छकडच्या काही लोकांच्या रक्तात रशियन मेंदूज्वराच्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली होती. या कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडं एकमेकांशी गल्लत करतात, त्यामुळे एवढ्या एका पुराव्यावर मी इमला चढवणार नाही. पण क्यासनूरच्या पाच वर्षं आधी गोळा केलेलं हे रक्त आहे, आणि "१९५७ पूर्वी इथे असलं काही नव्हतंच" असं छातीठोक सांगणाऱ्याने त्याचं काहीतरी उत्तर द्यायला हवं. उत्तर काय येतं ठाऊक आहे? "म्हणजे त्यांची तयारी १९५२ पासूनच चालू होती!" विरुद्ध जाणारा पुरावाही ज्या सिद्धांताच्या पोटात सुखाने सामावतो त्याला खोडून काढता येत नाही, हे खरं. पण मग तो सिद्धांतही राहत नाही, ती श्रद्धा होते.

अलीकडे या कथेला नवं हत्यार मिळालं आहे ते जनुकशास्त्राचं. २००९ मध्ये पुण्याच्या एनआयव्हीतल्या संशोधकांनी १९५७ ते २००६ या काळातले या विषाणूचे नमुने ताडून पाहिले. ते सगळे एकमेकांना फार जवळचे निघाले, आणि त्यांचा समाईक पूर्वज १९४२ च्या आसपासचा असावा असा हिशोब मांडला गेला. झालं! दुसरं महायुद्ध, जपान्यांचे जैविक प्रयोग, अमेरिकेचा कार्यक्रम, सगळं १९४२ भोवती गोळा करता येतं. पण समाईक पूर्वजाचं साल हे विषाणूच्या जन्माचं साल नसतं. एखाद्या गावातली सगळी परब मंडळी एकाच पणजोबांपर्यंत पोहोचतात, म्हणून माणूसजात त्या पणजोबांपासून सुरू झाली असं कुणी म्हणत नाही. इतर शाखा संपल्या असतील, किंवा त्यांचे नमुने कुणी घेतलेच नसतील. आणि याच विषाणूचा सर्वांत जवळचा नातलग १९९० च्या दशकात सौदी अरेबियात सापडला. अलखुर्मा त्याचं नाव. तो फिरतो वाळवंटी मुलखातल्या उंटांच्या आणि मेंढ्यांच्या गोचिड्यांमध्ये. २०११ च्या एका अभ्यासाने या दोघांची ताटातूट सुमारे सातशे वर्षांपूर्वी झाल्याचा अंदाज बांधला. सातशे वर्षांपूर्वी अमेरिकन लष्कराचं जैविक शस्त्रांचं केंद्र फोर्ट डेट्रिक नव्हतं. देवगिरीवर यादव होते.

सौदीचा विषाणू आणि शिमोग्याकडच्या मलनाडचा विषाणू यांच्यामध्ये एवढं अंतर कसं पडलं, जनावरांच्या व्यापारातून की पक्ष्यांमधून, हा खरोखर रंगणारा वाद आहे. शास्त्रज्ञ तो घालताहेत. पण त्यात कारस्थानाला जागा नाही, म्हणून त्याचा बोभाटा होत नाही.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. आफ्रिकेतल्या माकडांना पीतज्वर फारसा काही करत नाही, कारण ती पिढ्यान् पिढ्या त्याच्याबरोबर राहिली. दक्षिण अमेरिकेतली माकडं त्याने पटापट मरतात, कारण तिथे तो गुलामांच्या जहाजांबरोबर अलीकडे पोहोचला. मग आपले वानर आणि तांबड्या तोंडाची माकडं क्यासनूरच्या तापाने धडाधड मरतात, त्याअर्थी हा विषाणू त्यांना नवखा असणार. तर्क चांगला आहे, चुकतो तो एका ठिकाणी. हा विषाणू माकडांच्या जिवावर टिकून नाही. तो रानाच्या जमिनीवर, चिचुंद्र्या, उंदीर-घुशी आणि त्यांच्या गोचिड्या यांच्यात फिरत राहतो, आणि या लहान प्राण्यांना त्याचं फारसं काही होत नाही. जुन्या सोबतीची खूण शोधायची तर ती इथे आहे. झाडावर राहणारं माकड या चक्राच्या बाहेरचं. ते जमिनीवर जास्त वेळ उतरायला लागलं, की त्याच्या अंगावर गोचिड्या चढतात, त्याच्या रक्तात विषाणू बेसुमार वाढतो आणि ते मेलं की शेकडो लागण झालेल्या गोचिड्या एका जागी खाली गळतात. मेलेल्या माकडाभोवतीची पन्नासेक मीटर जमीन म्हणून धोक्याची मानतात, आणि तिथे मॅलेथिऑन मारतात. तेव्हा प्रश्न बदलतो. विषाणू कुठून आला यापेक्षा माकड खाली का उतरलं, आणि त्याच्या मागोमाग माणूस तिथे काय करत होता, हे विचारावं लागतं.

हा प्रश्न १९६० च्या दशकातच विचारला गेला होता. पुण्याच्या केंद्रात काम करणारे कोलंबियाचे होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये जो निबंध लिहिला तो या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा. आपल्या देशातला रानातला पीतज्वर पाहिलेला हा माणूस. त्याने मलनाडात पाहिलं की भातशेतीसाठी दाट रानात मोकळे तुकडे पडले, लोकसंख्या वाढली, गुरं वाढली आणि ती चरायला रानात शिरली. कडेने घाणेरीची झुडपं माजली. मोठ्या गोचिडीला मोठं जनावर लागतं. दाट रानात सांबर, गवा असे थोडेच. आता शेकडो गाई-म्हशी रोज येऊ लागल्या. पोटभर रक्त प्यायलेली मादी खाली पडते आणि पानांखाली अंड्यांचा घोस घालून मरते. पावसाळ्यानंतर त्यातून पिल्लं, आणि डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत त्यांची दुसरी अवस्था, खसखशीच्या दाण्याएवढी. माणसाला चावते ती हीच. गुरांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही, पण गुरं गोचिड्यांची फौज पोसतात. म्हणून विषाणू पूर्वीचाच असूनही रोग नवा होता. अमेरिकेने आणला म्हणणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्या लेखी जुना विषाणू म्हणजे जुना रोगच असायला हवा.

"म्हणजे जंगलतोडीने झाला" असं म्हणून मोकळं व्हायचाही मोह होतो. पर्यावरणवादी मित्र ते घोषणेसारखं म्हणतात, आणि मला तेही पुरेसं वाटत नाही. सगळं रान सपाट केलं तर या गोचिडीचाही निकाल लागेल. रोग फोफावतो तो अर्धवट तोडलेल्या, मधूनमधून बागा, चराऊ जमीन आणि रानाचे तुकडे अशा मिश्र मुलखात. अलीकडचे नकाशे काढून केलेले अभ्यासही हेच सांगतात. सदाहरित रान आणि लागवड यांची सरमिसळ, त्यात गावठी गुरांची दाटी, तिथे धोका जास्त.

१९८३ ची मोठी साथ आठवावी. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी मोठं रान साफ केलं गेलं आणि दीड हजारांवर माणसं आजारी पडली. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने या साथीवर लिहिताना क्यासनूरच्या तापाला विकासाचा रोग म्हटलं. रान तोडल्याने तिथलं दैवत कोपलं, असा अर्थ गावकऱ्यांनी लावला होता. सुशिक्षितांना याचं हसू येईल. पण कारण कुठे शोधायचं याबाबत त्या गावकऱ्यांची दिशा बरोबर होती. तोडलेल्या रानाकडे बोट त्यांनीच दाखवलं. वॉशिंग्टनकडे पाहणाऱ्या शिकलेल्या माणसाला ते रान दिसलंच नाही.

आपल्याकडे हा रोग आला, किंवा खरं तर ओळखला गेला, तो २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गच्या केर परिसरात, मग बांद्याकडे. त्याआधी, २०१२-१३ च्या सुमारास, तो बंदीपूर, निलगिरी, वायनाडकडे दिसला होता. "इतकी वर्षं नव्हता, आत्ताच कसा?" या प्रश्नावर पुन्हा तीच कुजबुज. कुणी म्हणे कर्नाटकातल्या मजुरांनी आणला. माणूस ही शेवटची पायरी हे वर सांगितलंच आहे. आजारी मजुराला चावून गोचीड साथ पसरवत नाही. इथल्या विषाणूचे नमुने कर्नाटकातल्या विषाणूच्याच कुळातले आहेत, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर खानापूर, सत्तरी आणि तिलारीचं खोरं यांच्यामध्ये सीमा आहेत त्या कागदावर. माकडाला, उंदराला आणि गोचिडीला त्या माहीत नाहीत.

फेब्रुवारीत दोडामार्गकडच्या काजूच्या बागेत जाऊन उभं राहावं. झाडाखाली पातेऱ्याचा थर असतो. बी नजरेला पडावी म्हणून तो आधी झाडून एका कडेला लोटतात. मग बायका वाकून पडलेला बोंडू उचलतात, बी पिळून टोपलीत आणि बोंडू वेगळा. हे काम सकाळभर, कधी अनवाणी, कधी रबरी चपलांवर. पातेरा वाया जात नाही. पाटीत भरून तो गोठ्यात गुरांखाली अंथरायला जातो. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, आणि गोचिडीच्या त्या खसखशीएवढ्या अवस्थेचा हंगामही तोच. ज्या पानांत ती दबा धरून बसते तीच पानं हाताने गोळा करून घरापर्यंत आणली जातात. शिमोग्यातल्या सुपारीवाल्यांचीही हीच तऱ्हा, रानातला पाला गोठ्यात आणि गोठ्यातला बागेत. या बाईला लागण कुठे झाली असेल हे सांगायला कुठलाही गुप्त दस्तऐवज उघडावा लागत नाही.

अमेरिकेतही हुबेहूब अशीच कारस्थानाची कथा फिरते. तिथे लाइम नावाचा गोचीडजन्य आजार १९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमध्ये लक्षात आला, आणि जवळच्या प्लम बेटावर जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा असल्याने आळ तिच्यावर गेला. २०१९ मध्ये त्यांच्या प्रतिनिधिगृहाने लष्कराने गोचिड्यांची शस्त्रं बनवली होती का याच्या चौकशीचा प्रस्तावही मंजूर केला. वास्तविक त्या जंतूचे अंश १८९४ मध्ये पकडून संग्रहालयात ठेवलेल्या उंदरांमध्ये मिळाले आहेत, आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसातही त्याच्या खुणा मिळाल्या. तिथे खरं कारण हरणांची वाढलेली संख्या आणि रानाच्या कडेला सरकलेली उपनगरं. आपले लोक अमेरिकेला दोष देतात, अमेरिकन लोक आपल्या लष्कराला. दोन्हीकडे रानाची कड सुटते. आणि असल्या कथांचा धंदा करणारेही असतात. एड्सचा विषाणू अमेरिकन लष्कराने बनवला ही सोव्हिएत गुप्तहेरांनी पेरलेली बातमी १९८३ मध्ये पहिल्यांदा छापून आली ती दिल्लीच्या एका दैनिकात, निनावी पत्राच्या रूपाने. आपली जमीन असल्या बियाण्याला मानवते, हे पेरणाऱ्यांना ठाऊक होतं.

कारस्थानाची कथा सांगणाऱ्यांना वाटतं की आपण सत्तेला जाब विचारतो आहोत. मला वाटतं ते सत्तेला रजा देतात. रोग परक्या लष्कराने सोडला असेल तर रानात लागवडीला परवानगी देणाऱ्या खात्याला काही विचारायचं कारण उरत नाही, आणि लशीचंही कुणाला देणंघेणं राहत नाही. या तापाने दर शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. विषाणूवरचं असं खास औषध नाही, उपचार लक्षणांवरचे. अशा वेळी कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवून फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली एक लस कर्नाटकात वर्षानुवर्षं टोचली जात होती. २००५ ते २०१० या काळातल्या पाहणीत तिच्या दोन मात्रांचं संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपास आढळलं, वर्धक मात्रेनंतर ८३ टक्क्यांच्या जवळपास. घेणारेही कमी, कारण दंड दुखतो, पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागतं. शेवटी २०२२ मध्ये ती बंद केली गेली. नव्या लशीचं काम आयसीएमआर आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांच्याकडे सुरू आहे. तोवर हाती आहे ते अंगाला लावायचं डेपा तेल, लांब बाह्यांचे कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं.

तेव्हा ज्यांना कागदपत्रं उघडायची एवढी हौस आहे त्यांनी ती जरूर उघडावीत. जुन्या लशीचा कस कधीपासून घसरला आणि ती टोचली जात असताना हे कुणाकुणाला माहीत होतं? डेपा तेलाच्या बाटल्या काजूच्या बागांत डिसेंबर उजाडण्याआधी पोहोचतात की पहिला रुग्ण दगावल्यावर? तापाच्या रुग्णाचं रक्त तपासायला कुठे जातं आणि निदान हाती यायला किती दिवस लागतात? मेलेल्या माकडाची खबर दिल्यापासून फवारणी होईपर्यंत किती वेळ जातो? या सगळ्याच्या फायली भारतात आहेत. त्या माहितीच्या अधिकारात मागता येतात, आणि अर्ज कोणत्याही परक्या लष्कराकडे करावा लागत नाही.